माती, गादी आणि वस्ताद



आज या पानावर बियाणं, खत, फवारणी यातलं फारसं काही नाही. आपण म्हणाल, शेतीखात्याचा माणूस आज कुस्तीवर कसा काय घसरला? त्याचं कारण आधी सांगतो.

मागच्या महिन्यात वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीवर आपल्याच भागातले एक शेतकरी भाऊ भेटले. दोन एकर हळद, बाकी सोयाबीन. बोलणं हळदीच्या बेण्यावरून सुरू झालं आणि मध्येच ते गप्प झाले. मग म्हणाले, "साहेब, तुम्हाला एक विचारू का? लेकरू माझं सोळा वर्षांचं. जत्रेतल्या मातीत जोडीच्या कुणाला ऐकत नाही. शाळेकडून पुढच्या स्पर्धेला गेलं. तिथं गादीवर पहिल्याच फेरीत हरलं. पाठ तर लागलीच नाही हो त्याची! तरी हरलं. घरी आलं आन् लंगोट खुंटीला टांगला. आता म्हणतंय, कुस्ती बंद. मला एवढंच सांगा, माती खोटी का गादी खोटी?"

मी स्वतः कधी लांग चढवलेली नाही. कृषी पदविका घेतली, नोकरीला लागलो, बांधावर फिरण्यात दिवस गेले. त्यामुळे भाऊंना त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एका मुलाचा हा प्रश्न नाही. आपल्या परिसरात, अगदी नावातच आखाडा असलेल्या आखाडा बाळापूरपासून ते लहानसहान वाड्यांपर्यंत, किती पोरं अशीच मातीत चमकतात आणि गादीवर विझतात! त्या सगळ्यांचा हा प्रश्न आहे. म्हणून आज दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघंही आपल्या मराठवाड्यातले. दोघांनी खेळाचा प्रकार बदलला आणि दोघंही पुढं वस्ताद झाले.

फाट्यावरून निघालेला रस्ता

वारंगा फाटा म्हणजे रस्त्यांचा तिठा. एक रस्ता कळमनुरी, हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे, तिसरा नांदेडकडे. तोच नांदेडचा रस्ता पुढं लातूरला पोचतो. त्या लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड नावाचं गाव आहे. हरिश्चंद्र बिराजदार त्या गावचे. कुस्तीतली माणसं त्यांना 'मामा' म्हणायची.

बिराजदार मामा मातीतून वर आले. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढं 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताबही त्यांच्या नावावर लागला. खेड्यातल्या पैलवानाला याहून जास्त काय पाहिजे? फेटा, गदा, मिरवणूक, सगळं मिळालं होतं. तिथंच थांबले असते तरी नाव राहिलं असतं. पण १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि तिथं ते गादीवर उतरले. तिथले पंच परके, भाषा परकी आणि नियमही परके. त्या गादीवरून त्यांनी देशासाठी सुवर्णपदक आणलं. एका वर्षाच्या अंतरानं मातीतला मान आणि गादीवरचं सोनं, दोन्ही एकाच माणसाकडं.

त्यानंतरची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कुस्ती संपल्यावर मामा पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले आणि २०११ साली जग सोडेपर्यंत पोरं घडवत राहिले. जे आपण ओलांडलं ते दुसऱ्याला ओलांडायला शिकवायचं, हे काम त्यांनी पदकापेक्षा कितीतरी जास्त वर्षं केलं.

माती आणि गादी: नेमका फरक काय?

आता भाऊंच्या लेकराचं काय झालं ते समजून घेऊ. पाठ न लागता पोरगं हरलं कसं?

गावच्या जत्रेत हिशेब सरळ असतो. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती निकाली. नाहीतर पंच हात वर करून बरोबरीत सोडवतात. जोडही नजरेनंच लावतात. खाली भुसभुशीत माती असते, पाय थोडा रुततो, चाल संथ पडते. अंगावर माती टाकली की पकड घट्ट बसते. तिथं ताकद, दम आणि धीर चालतो. दहा मिनिटं खडाखडी करून अकराव्या मिनिटाला ढाक मारली तरी चालते.

गादीवर तसं नाही. नऊ मीटर व्यासाच्या गोलात खेळ. मोठ्या गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. चितपट झाली तर कुस्ती तिथंही संपतेच. पण त्याशिवाय प्रत्येक हालचालीला गुण आहेत. समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण. त्याची पाठ गादीकडं वळवली की दोन. गोलाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक. आणि फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांचं अंतर पडलं की कुस्ती तिथंच थांबवतात. आपलं लेकरू मातीतल्या सवयीनं उभं राहून अंदाज घेत होतं, तेवढ्यात समोरच्यानं दोनदा पट काढला, भारंदाजवर फिरवलं, दहा गुण झाले, शिट्टी वाजली. पोराला वाटलं, आपली कुस्ती अजून सुरूच व्हायची होती!

म्हणजे पोरगं कच्चं नव्हतं. त्याला नवा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथं आठवावं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा गादीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची त्याला सवय नव्हती. तरी सहावा आला. चार वर्षं त्यानं त्या नियमांसाठी घासली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पहिल्या वेळी हरून त्यानं लंगोट खुंटीला टांगला असता, तर आज आपण कुणाचं नाव घेतलं असतं?

काका पवार: तिसऱ्याच प्रकारात गेलेला पैलवान

आता दुसरा माणूस. काका पवार. हेही लातूर जिल्ह्यातले, बिराजदार मामांचे शिष्य. त्यांनी निवडला तो कुस्तीचा प्रकार आपल्या जत्रेत कुणी पाहिलेलाही नसेल. त्याला ग्रीको-रोमन म्हणतात. नाव ग्रीस आणि रोमचं असलं तरी आजचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रान्सकडं घडला. त्यातला मुख्य नियम असा, की कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पायाचा डावही करायचा नाही.

जरा विचार करा. पट नाही, टांग नाही, धरलेला पाय नाही. आपल्या मराठी कुस्तीची निम्मी शिदोरी एका नियमानं काढून घेतली! उरतं काय? छाती, खांदे, मनगट, मान, पाठ आणि कंबर. छातीला छाती भिडवून समोरच्याला उचलायचं आणि फेकायचं. या प्रकारात आठ गुणांचं अंतर पडलं तरी कुस्ती संपते. म्हणजे चुकीला जागा आणखी कमी.

अशा प्रकारात काका पवार देशासाठी लढले. १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मातीच्या मुलखातून निघून, ज्या प्रकाराला आपल्याकडं टाळ्याही पडत नाहीत, त्यात त्यांनी नाव केलं.

पुढं तेही वस्ताद झाले. पुण्यात कात्रजकडं त्यांनी कुस्ती संकुल उभं केलं. गंमत अशी, की स्वतः ग्रीको-रोमन खेळलेला हा माणूस फ्रीस्टाईलचे मल्ल घडवायला लागला. म्हणजे प्रकार दुसऱ्यांदा बदलला, या वेळी शिकवण्यासाठी.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आपल्याला माहीत असेल. तो आधी बिराजदार मामांचा शिष्य. मामा गेल्यावर तो काका पवारांकडं आला. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवलं. २०२० सालचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. एका वस्तादानं पेरलं, दुसऱ्यानं राखलं, आणि पीक देशाला आलं.

एका तालमीचे दोन हात

भाऊंनी विचारलं होतं, माती खोटी का गादी खोटी? याचं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्र केसरीच्या मैदानानं दिलं आहे.

१९६१ पासूनच्या या स्पर्धेत आता दोन विभाग असतात, एक माती आणि एक गादी. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी किताबासाठी भिडतात आणि ती शेवटची कुस्ती गादीवर होते. जानेवारी २०२० मध्ये पुण्याला बालेवाडीत गादीतून आला हर्षवर्धन सदगीर आणि मातीतून आला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे! हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं.

योगायोग म्हणाल, तर जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातच पुन्हा तेच झालं. गादीतून शिवराज राक्षे, मातीतून महेंद्र गायकवाड. पुन्हा दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. शिवराज जिंकला. तो मूळचा पुणे जिल्ह्यातला, पण उतरला होता आपल्या शेजारच्या नांदेडकडून.

ज्या वस्तादानं माती पाहिली, गादी पाहिली आणि तिसरा प्रकारही अंगावर घेतला, त्याच्याच घरातून मातीचाही विजेता निघाला आणि गादीचाही. याचा अर्थ असा, की माती खोटी नाही आणि गादीही खोटी नाही. एकीकडून दुसरीकडं कसं जायचं हे दाखवणारा माणूस नसणं, ही खरी अडचण आहे.

परदेशातली एक गोष्ट

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. विलायतेत रग्बी नावाचा खेळ आहे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी धरून पाडायचं. १८९५ साली त्या खेळाचे दोन फाटे फुटले. भांडण मजुरीचं होतं. खेळायला गेल्यानं कामगारांचा रोज बुडायचा, तो भरून द्यायचा का नाही, यावरून. एका फाट्यात पंधरा-पंधरा गडी, दुसऱ्यात तेरा-तेरा. चेंडू तोच, पण नियम वेगळे.

अँडी फॅरेल हा विगन गावचा गडी तेरा जणांच्या रग्बीत मोठा खेळाडू होता. २००५ साली, वय तिशीला आल्यावर, तो पंधरा जणांच्या रग्बीत गेला. दुखापती होत्या, वय झालं होतं. इंग्लंडकडून २००७ चा विश्वचषक खेळला खरा, पण नव्या प्रकारात त्याला देशासाठी थोडेच सामने मिळाले. लोक म्हणाले असतील, कशाला गेला? पण तोच पुढं प्रशिक्षक झाला. २०१९ च्या विश्वचषकानंतर आयर्लंडचा मुख्य प्रशिक्षक झाला, २०२३ साली त्याच्या संघानं युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत एकही सामना हरला नाही, आणि २०२५ साली ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाला त्यानं ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली.

यातून शिकायचं एवढंच. प्रकार बदलला की खेळाडू म्हणून फायदा होईलच असं नाही. पण दोन्हीकडचं पाहिलेला माणूस शिकवायला बसला, तर त्याचं मोल दुप्पट होतं.

हळदीनं दिलेलं उत्तर

आता मी माझ्या कामाच्या वाटेनं येतो. भाऊंना दुसऱ्यांदा भेटलो ते त्यांच्या हळदीच्या रानात. मी त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्ही आधी हळद सरी-वरंब्यावर लावायचे ना?"

"हाव. दोन वर्षं कंदकुजीनं खाल्ली. पाणी साचायचं."

"मग काय केलं?"

"तुम्हीच तर सांगितलं. गादीवाफे केले, ठिबक टाकलं."

"पहिल्या वर्षी जमलं?"

भाऊ हसले. "कुठलं जमतंय! वाफे वाकडेतिकडे. नळीचं पाणी कुठं जास्त, कुठं कमी. दुसऱ्या वर्षी बसलं."

"मग हळद गादीवर नेली, तेव्हा तुमची आधीची मेहनत खोटी ठरली का? बेणं निवडणं, बेणेप्रक्रिया, भरणी, शिजवणी, पॉलिश, हे सगळं तेच राहिलं ना? बदलली ती फक्त खालची बैठक. लेकराचंही तसंच आहे. त्याची ताकद, दम, पकड ही मातीची कमाई आहे. ती कुठंही जात नाही. बदलायची ती उभं राहायची पद्धत, वेग आणि गुणांचा हिशेब. आणि त्यालाही एक हंगाम वाया जाणारच."

भाऊ बराच वेळ वाफ्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मला गादीवाफा शिकवायला तुम्ही होते. लेकराला कोण आहे?"

मंडळी, इथंच माझं उत्तर संपलं आणि आपल्या सगळ्यांचं काम सुरू झालं.

गावानं काय करावं?

खालच्या गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती इच्छा आणि ग्रामसभेतला अर्धा तास.

१) आखाडा बुजवू नका. गादी आली म्हणून माती टाकून द्यायची नाही. आपली काळी माती कपाशी-सोयाबीनला चांगली, पण आखाड्याला नाही. वाळली की ढेकळं, ओली झाली की चिखल. आखाड्याला लाल माती आणा, चाळा, त्यात तेल, ताक, लिंबू आणि हळद मुरवा. हळद तर घरचीच आहे. रोज कुदळीनं माती खालीवर करा. वर पत्रा किंवा ताडपत्री असू द्या.

२) गादी एकट्या गावानं घेऊ नका. स्पर्धेची पूर्ण गादी बारा मीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. तिला बंदिस्त, कोरडी जागा लागते. जागा नसताना घेतलेली गादी उन्हा-पावसात आणि उंदरांनी वाया जाते. चार-पाच गावांनी मिळून एखाद्या शाळेत किंवा सभागृहात ती ठेवावी, वार ठरवून घ्यावेत. हिंगोलीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात योजनांची चौकशी सरपंचांनी स्वतः करावी. ठराव लेखी असावा.

३) जत्रेच्या फडात गुणांच्या कुस्त्या ठेवा. नारळाच्या आणि बिदागीच्या कुस्त्या होऊ द्या, पण शाळकरी पोरांच्या पाच-दहा कुस्त्या गुणांवर आणि वजनावर लावा. वजनाला काटा पाहिजे म्हणाल, तर हळद तोलायचा काटा प्रत्येक गावात आहे. चुन्यानं गोल आखा, एक माणूस गुण लिहायला बसवा. पोरांच्या डोक्यात हिशेब जत्रेतच बसेल.

४) जुन्या पैलवानाला बोलवा. प्रत्येक गावात कुस्ती सोडून शेतात रमलेला एखादा गडी असतोच. त्याला मान द्या. त्याला नवे नियम शिकायला पाठवा. ज्या तरुणाला यातच पुढं जायचं आहे, त्याच्यासाठी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. १९६१ पासून तिथं प्रशिक्षक तयार होतात. सगळी पोरं केसरी होणार नाहीत, पण दर गावात एक जाणता वस्ताद झाला तरी पुढच्या पिढीचं काम सोपं होईल.

५) शाळा सोडू देऊ नका. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते प्रमाणपत्रावर आणि शिक्षणावर मिळतं. जत्रेतल्या फेट्यावर ते मिळत नाही. राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला, हे पोरांना सांगा.

६) पोरींनाही उतरू द्या. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आहे. आखाड्यात लाज वाटत असेल तर गादी ही त्यांच्यासाठी चांगली सुरुवात आहे.

७) खुराक घरचा ठेवा. दूध, ज्वारीची भाकरी, डाळी, भुईमूग, अंडी हे पुरतं. ताकदीची सुई आणि नाव नसलेल्या डब्यातली पावडर या दोन गोष्टी गावात शिरू देऊ नका. आणि वजन उतरवण्यासाठी लेकराला उपाशी-तहानलेलं ठेवू नका. वाढतं वय आहे.

शेवटी

शेतात आपण पीक बदलतो तेव्हा आधी जमीन पाहतो, पाणी पाहतो, कुणीतरी केलेलं रान बघून येतो. मग बदलतो. पोरांना मात्र आपण एका दिवशी मातीतून उचलून गादीवर ठेवतो आणि हरलं की म्हणतो, दम नव्हता. हे बरोबर नाही. बिराजदार मामा आणि काका पवार ही दोन केलेली रानं आपल्या मराठवाड्यात आहेत. ती बघून तरी शहाणं व्हावं.

भाऊंच्या लेकरानं लंगोट खुंटीवरून काढला का, हे मला अजून कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. पण परवा सकाळी भाऊंचा फोन आला. हळदीचं काही असेल म्हणून वही-पेन घेतलं. ते म्हणाले, "साहेब, येत्या ग्रामसभेला या. तुमचं काही नाही, आखाड्याचा विषय घेतलाय. गावातले दोन जुने पैलवान येणार हायत. आन् ते गुणांचं कसं असतं, ते जरा कागदावर लिहून आणा."

लिहून ठेवलं आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेतही हा विषय निघाला, तर तोच कागद घेऊन तिकडंही येईन.